मनोवैद्य डॉ. सुनंदा अवचट
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी एखाद्या थोर व्यक्तीच्या चरित्रावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली. आम्ही केवळ मॅट्रिक झालेले. प्राथमिक शाळेत हयात घालविली आणि आता सेवानिवृत्त होऊन घरी बसलो आहो. आमचा अधिकार तो किती! या व्यासपीठावरून दरवर्षी संतांची व वीरपुरुषांची चरित्रे आपण ऐकता. आज आम्ही एका डॉक्टरीणबाईंचे चरित्र निवडले आहे. ते का निवडले, हे भाषणाच्या ओघात आपल्या ध्यानी येईलच.

या बाई म्हणजे पुण्याच्या डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता अवचट. त्यांचे पती अनिल अवचट यांचे नाव वाचनाची आवड असणाऱ्यांस ठाऊक आहे. त्यांचे मूळ गाव ओतूर. आपल्या मुरबाडहून माळशेज घाट चढून वर गेले की लागते तेच. म्हणजे हे कुटुंब आपणांस अगदीच परके नव्हे. पतिपत्नी दोघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकली. पुढे अनिताबाई मनोविकारतज्ज्ञ झाल्या आणि येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात नोकरी करू लागल्या. ज्या ठिकाणाचे नाव काढताच सोयरिकी मोडतात, त्या ठिकाणी त्यांनी आपण होऊन काम पत्करले.

त्यांच्या चरित्राचे संसार, छंद आणि श्रद्धा असे तीन भाग आम्ही कल्पिले आहेत.

प्रथम संसार. अनिल अवचट यांनी डॉक्टरीचा व्यवसाय सोडून लेखन व समाजकार्य पत्करले. त्यात प्राप्ती बेताचीच. घराचा भार अनिताबाईंच्या पगारावर आला. परंतु तुम्ही नोकरी का करीत नाही, असा तगादा त्यांनी पतीमागे लावला नाही. उलट, मनाजोगे काम करण्यास त्यांनी पाठबळ दिले. पतीनेही घरकामात व मुलींच्या संगोपनात कमीपणा मानला नाही. मुक्ता आणि यशोदा या दोन्ही कन्यांना त्यांनी महानगरपालिकेच्या शाळेत घातले. आम्ही अशाच शाळेत आयुष्य काढल्यामुळे या गोष्टीचे आम्हांस विशेष अप्रूप वाटते.

दुसरा भाग छंदांचा. या घरी बासरी होती, चित्रकला होती, लाकडावरील कोरीवकाम होते, कागदाला घड्या घालून पशुपक्षी करण्याची जपानी कला होती. हे छंद मुख्यतः पतीचे. पण त्यांना घरात मानाची जागा मिळाली, ती गृहिणीच्या मनाच्या मोठेपणामुळे. कोणास वाटेल, छंद म्हणजे रिकामपणाचा उद्योग. तसे नाही. दारू सुटते तेव्हा संध्याकाळ रिकामी पडते, आणि ती रिकामी संध्याकाळच माणसाला पुन्हा गुत्त्याकडे ओढून नेते. ती वेळ भजनाने भरा, ढोलकीने भरा, परसातल्या भाजीने भरा; पण भरा. व्यसनमुक्तीच्या उपचारात योगासने, खेळ, गाणी यांना स्थान असते, ते याच कारणाने.

तिसरा आणि मुख्य भाग श्रद्धेचा. सन १९८५ च्या सुमारास पुण्या-मुंबईच्या तरुण पोरांत गर्द नावाचे विष पसरू लागले. अनिल अवचट यांनी त्याविषयी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचे अंतःकरण द्रवले व त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातून एक लाख रुपये देऊ केले. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. आनंद नाडकर्णी यांचेही साह्य लाभले. परंतु रोजच्या कामाची धुरा वाहिली ती अनिताबाईंनी. गर्दच्या रोग्यांमागोमाग दारूचे रोगीही मोठ्या संख्येने येऊ लागले.

बाईंची श्रद्धा अशी होती की, व्यसनी मनुष्य पापी नव्हे, रोगी आहे. आणि रोगी आहे म्हणूनच तो बरा होऊ शकतो. जे बरे झाले त्यांतील कित्येकांना त्यांनी तेथेच कार्यकर्ते केले. ज्याच्यावर घरच्या माणसांचाही भरवसा उरलेला नाही, त्याच्यावर काम सोपविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. रोग्याच्या पत्नीलाही त्यांनी उपचारात सामील करून घेतले. कारण बाटली एकाची असली तरी जखम साऱ्या घराला होते. पुढे बाईंना स्वतःला कर्करोगाने गाठले. त्याच्याशी झुंजत असताही त्यांनी हे काम सोडले नाही. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्या निवर्तल्या. त्यांच्या कन्या मुक्ता यांनी ती धुरा पुढे वाहिली. अनिल अवचटही सन २०२२ मध्ये कालवश झाले. मुक्तांगण मात्र चालू आहे.

बंधूभगिनींनो, आता हे चरित्र का निवडले ते सांगतो. सांगताना जीभ जड होते, पण सांगणे प्राप्त आहे.

आमचे धाकटे बंधू दारू पीत. आम्ही गावचे गुरुजी. लोक काय म्हणतील, या धास्तीने आम्ही त्यांचा विकार झाकला. कोणी विचारले तर पोटाचे दुखणे आहे म्हणून सांगितले. दोनदा देवापुढे शपथ घालविली, एकदा माळ घातली. आमच्या भावजयीने एकदा दाराआडून म्हटले, “भाऊजी, तुम्ही गावाच्या पोरांना शहाणं करता, यांना कुठंतरी मोठ्या डॉक्टरला दाखवा ना.” आम्ही काहीच उत्तर दिले नाही. पुढे १९९४ च्या पावसाळ्यात बंधूंनी आमच्या धाकाने दारू एकदम सोडली. आम्हांस धन्यता वाटली. तिसऱ्या दिवशी हातपाय कापू लागले, भिंतीवर किडे दिसतात म्हणून ते ओरडू लागले. आम्ही बाधा समजून भगताला बोलाविले. अंगारा लावला, लिंबू उतरविले. चौथ्या दिवशी पहाटे फेफरे येऊन ते गेले.

त्या वेळी मुक्तांगण सुरू होऊन आठ वर्षे झाली होती. वर्तमानपत्रात त्याची माहिती आम्ही वाचली होती. मुरबाडहून पुण्यास जाणे काही काशीयात्रा नव्हती. आडवी आली ती अब्रू.

पुढे आम्हांस कळले की, पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असा झटका येऊ शकतो आणि तो प्राणघातकही ठरतो. भगताला ती बाधा वाटते. डॉक्टरांना तो ओळखीचा विकार असतो व त्यावर औषध असते. म्हणून दारू सोडवावी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रोग्यास न सांगता जेवणातून गोळ्या देण्याचा प्रकारही घातक आहे. माळ अवश्य घाला. पंढरीच्या वारीने कित्येकांचे संसार सावरले आहेत. पण माळेच्या जोडीला वैद्यही हवा. श्रद्धा आणि औषध यांचे वैर नाही. आणि रोगी बरा होऊन पुन्हा घसरला, तर त्याला घराबाहेर काढू नका. पुन्हा उपचारास न्या. मनाच्या तक्रारीसाठी सन २०२२ पासून सरकारने १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांकही दिला आहे. तो घरोघरी लिहून ठेवावा.

शेवटी मंडळापुढे एक विनंती. आपल्याकडे हळदीच्या रात्री मांडवाच्या मागे पिंपे उघडतात. पाहुण्याला पाजली नाही तर यजमानाचा कमीपणा मानतात. बारा-चौदा वर्षांची पोरे ते पाहतात आणि पहिला घोट तेथेच घेतात. आमच्या बंधूंनीही पहिला घोट हळदीच्याच मांडवात घेतला होता. ज्ञातीतील कोणत्याही हळदीत दारू वाटली जाणार नाही, असा ठराव याच संमेलनात मांडावा, अशी आमची हात जोडून प्रार्थना आहे. आमच्या नातवाची हळद येत्या वैशाखात आहे. आरंभ आमच्याच मांडवापासून होईल, आणि त्या रात्री तेथे केवळ भजन होईल. आपण सर्वांनी सहकुटुंब यावे, हे याच ठिकाणी आमंत्रण.

आमच्या भावजयीला जे उत्तर आम्ही त्या दिवशी दिले नाही, ते आज आपल्या साक्षीने दिले, असे समजावे.