कामावरून कमी झालेला कामगार आणि आपली जबाबदारी

(सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांच्या अभ्यासवर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कारखाना शहरात बंद पडतो, पण त्याची झळ गावातल्या चुलीपर्यंत पोचते. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. कोकणातील आणि घाटावरील असंख्य घरे त्यांच्या मनिऑर्डरीवर चालत. संपानंतर हजारोंना पुन्हा काम मिळाले नाही आणि अनेकांनी गावची वाट धरली. साचेखात्यात वीस वर्षे घालविलेल्या माणसाने गावी येऊन करावे काय, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला.

उपाय झालेच नाहीत, असे नव्हे. 1986 मध्ये केंद्र शासनाने वस्त्रोद्योग कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना सुरू केली. कायमच्या बंद पडलेल्या गिरण्यांतील पात्र कामगारांना वेतनाच्या पहिल्या वर्षी 75, दुसऱ्या वर्षी 50 आणि तिसऱ्या वर्षी 25 टक्के साहाय्य देण्याची तीत तरतूद होती. 1992 मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला. कामगारांना नवे शिक्षण देऊन दुसऱ्या कामाला लावावे, हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. प्रत्यक्षात निधीचा मोठा भाग स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देण्यात खर्ची पडला. यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे : हाती आलेली रक्कम संपते, शिकलेले कसब मात्र टिकते.

आता कायद्याविषयी. मंदी आली, यंत्रे बदलली, म्हणजे मालकाला माणसे कमी करावी लागतात. परंतु त्यालाही रीत आहे. ज्याची किमान एक वर्षाची सलग सेवा झाली आहे, त्या कामगाराला एक महिन्याची नोटीस अथवा त्याऐवजी वेतन द्यावे लागते. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाबद्दल पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. म्हणजे बारा वर्षांच्या सेवेला एकशे ऐंशी दिवसांचे वेतन झाले. सामान्यतः शेवटी आलेला प्रथम जातो. आणि एका वर्षाच्या आत मालकाने नवी भरती केल्यास कमी केलेल्यांना अग्रक्रम मिळतो. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मालकाने पुनःकौशल्य निधीत भरावी, अशीही तरतूद आहे.

मित्रहो, हे सारे हक्क एका कागदावर अवलंबून असतात. कपातीचा आदेश आणि राजीनामा या दोन भिन्न गोष्टी आहेत. हिशेब लवकर मिळेल या आशेने कामगार राजीनाम्यावर सही करतो आणि कपातीची भरपाई व अग्रक्रम दोन्ही गमावून बसतो. ज्याच्या घरी उद्याच्या पिठाची चिंता आहे, त्याला कागद वाचण्याची सवड कोठून असणार? ती सवड आपण काढावयाची आहे.

गुरुजींनी त्याचे कागद वाचून द्यावेत. सेवेचा दाखला, भविष्य निर्वाह निधीचा खातेक्रमांक आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब त्याने घेतला आहे ना, हे पाहावे. ग्रामसेवकांनी त्याला जिल्ह्याच्या रोजगार कार्यालयात नाव नोंदविण्यास व जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चौकशी करण्यास सांगावे. सरपंचांनी त्याच्या अंगचे कसब विचारावे. ज्याने यंत्रे सांभाळली, तो पाणीपुरवठ्याचा पंपही सांभाळू शकेल. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 मध्येच केला. अडल्या वेळी तो आधार आहेच. पण कुशल हाताला केवळ खडी फोडावयास लावणे हे गावाचेही नुकसान आहे.

आणि गावातील लहान कारखानदारांनाही माझी विनंती आहे. माणसे कमी करणे अटळ असेल, तर ते आधी सांगा, हिशेब चोख करा आणि दुसरीकडे शब्द टाका. नोकरी गेली म्हणून माणूस निकामी होत नाही. परत आलेल्या माणसाला गावाने ‘काय झाले?’ एवढेच न विचारता ‘काय येते?’ असेही विचारावे.