एकट्याचा जुगार



या व्यासपीठावरून दरवर्षी संतवाङ्मय, इतिहास, शास्त्र अशा विषयांवर विद्वान मंडळी बोलत असतात. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले. बाकीचे जिनिंगच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. पगारपत्रक नीट वाचता येणे हीच आमची पदवी. म्हणून पगारपत्रकाशी ज्याचा थेट संबंध आहे असाच विषय आम्ही घेतला आहे. मोबाइलवर चालणारा कॅसिनोचा जुगार हा तो विषय होय.

युनियनच्या माणसाने बोनस, महागाई भत्ता, किमान वेतन यांवर बोलावे, जुगार हा कीर्तनकाराचा प्रांत, असे कोणी म्हणेल. पण सभा-मोर्चे करून मिळवलेली पगारवाढ सात तारखेला खात्यात जमा होते आणि आठ तारखेच्या पहाटेपर्यंत नाहीशी होते, तेव्हा तो प्रश्न आमच्या प्रांतात आपल्या पायांनी चालत येतो. जुगार पाप आहे की नाही हा वाद आम्ही शास्त्रीपंडितांवर सोपवतो. आम्ही एवढेच पाहणार आहोत की, हा धंदा चालतो कसा, आणि तो कोणाच्या जिवावर चालतो.

आपला जिल्हा कापसाचा. या कापसाचे आणि जुगाराचे नाते फार जुने आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. मुंबईत ज्याला पुढे मटका म्हणू लागले, तो आधी 'आकडा' होता. आणि तो आकडा म्हणजे कापसाचा भाव होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईच्या कापूस बाजारात येत, आणि त्यांवर लोक पैसे लावीत. पिकवणारा आपला शेतकरी भाव काय येतो म्हणून आभाळाकडे पाहत असे, आणि त्याच कापसाचे सूत काढणाऱ्या गिरण्यांच्या मुंबईत त्याच भावावर पैज लागत असे. १९६१ साली न्यूयॉर्कहून हे आकडे येणे बंद झाले. जुगार मात्र बंद झाला नाही. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीला आकडे काढण्याचा स्वतंत्र खेळ सुरू केला, आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपला निराळा मटका काढला. मडक्यातून चिठ्ठी निघे म्हणून मटका. पुढे मडके गेले, पत्ते आले; नाव तेच राहिले. या मटक्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे गिरणी-कामगार. बुकीची दुकानेही गिरणगावातच थाटली गेली.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुगार चालवणाऱ्याला साधनाशी देणेघेणे नसते. तार गेली तर मडके, मडके गेले तर पत्ते, पत्ते गेले तर मोबाइल. त्याला हवे असते ते गिऱ्हाईक. आणि ज्याच्या हाती महिन्यातून एकदा किंवा हंगामातून एकदा एकरकमी पैसा येतो, तो माणूस त्याला सर्वांत आवडतो. महिन्याचा पगारदार आणि कापूस विकून आलेला शेतकरी, हे दोघेही तसेच.

मग नवे ते काय आले? जुन्या जुगाराभोवती चार कुंपणे होती. पहिले अंतराचे. गोव्यात मांडवी नदीत कॅसिनोची जहाजे उभी आहेत. यवतमाळच्या माणसाला तेथे जायचे तर रजा काढावी लागते, भाडे खर्चावे लागते, घरी काहीतरी सांगावे लागते. दुसरे कुंपण वेळेचे. मटका दिवसातून ठरलेल्या वेळी उघडे आणि ठरलेल्या वेळी बंद होई. मधल्या वेळात माणसाचे डोके थंड होण्यास जागा होती. तिसरे रोकडीचे. खिशातली नोट संपली की हात आपोआप थांबे. आणि चौथे कुंपण लोकांच्या डोळ्यांचे. अड्ड्यावर जाताना कोणीतरी पाही, आणि ती गोष्ट घरी पोचे.

मोबाइलने ही चारही कुंपणे एका रात्रीत काढून टाकली. आता तर निराळे ॲप उतरवून घेण्याचीही गरज उरलेली नाही. ज्या ब्राउझरमधून आपण बातम्या वाचतो, रेल्वेचे तिकीट काढतो, मुलाचा निकाल पाहतो, त्याच ब्राउझरमध्ये कोणीतरी पाठवलेली लिंक दाबली की कॅसिनो उघडतो. रूलेचे चाक आहे, तीन पत्ती आहे, अंदर-बाहर आहे, आणि एक विमानाचा खेळ आहे. विमान वर चढते तसा आपला पैसा दुप्पट, तिप्पट होताना दिसतो. ते कोणत्या क्षणी नाहीसे होईल याचा नेम नाही, आणि त्याच्या आत पैसे काढून घ्यावयाचे. रात्रपाळीचा कामगार पहाटे अंथरुणावर पडून हे खेळतो. शेजारी बायकोला वाटते, नवरा पंचांग पाहतो आहे की पिक्चर पाहतो आहे कोण जाणे.

आता थोडे गणित करू. गणिताला कोणी भिऊ नये. हे हजेरीपटाच्या गणिताहून सोपे आहे. मटक्यात शून्य ते नऊ असे दहा आकडे. एकेरी आकडा लागला तर रुपयाला साधारण नऊ रुपये मिळत. समजा, एखाद्याने दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला. गेले दहा, आले नऊ. म्हणजे रुपयामागे दहा पैसे खेळवणाऱ्याचे. रूलेच्या चाकावर शून्य ते छत्तीस अशी ३७ घरे. सर्व घरांवर एकेक रुपया लावला तर गेले ३७, आले ३६. म्हणजे रुपयामागे पावणेतीन पैसेसुद्धा नाहीत. ऐकणारा म्हणेल, हा तर मटक्याहून सज्जन धंदा!

येथेच मेख आहे. मटका खेळणारा दिवसातून दोनदा दहा रुपये लावी. वीस रुपयांवर त्याचे सरासरीने दोन रुपये जात. मोबाइलवरचे चाक मिनिटाला चार वेळाही फिरते. दर फेरीला तेच दहा रुपये लावले तर तासाला २४० फेऱ्या, म्हणजे २,४०० रुपये फिरले. त्यातले सुमारे ६५ रुपये गेले. पाच तासांत सव्वातीनशे. २०२५-२६ साली आपल्या राज्यात रोजगार हमीची एका दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. म्हणजे उन्हात दिवसभर माती उचलून जे मिळते, ते फक्त दहा-दहा रुपये लावून एका रात्रीत चाक खाऊन टाकते. दर कमी, पण वेग अफाट. आमच्या भाषेत सांगायचे तर हे यंत्र वेगाने चालवून जास्त माल काढण्यासारखे आहे; आणि येथे माल म्हणजे आपणच.

हे गणितसुद्धा चाक प्रामाणिक आहे असे धरून केलेले आहे. ते प्रामाणिक आहे की नाही हे पाहणार कोण? अशा कित्येक खेळांचे परवाने कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव नावाच्या बेटावरचे असतात. तेथे वणीचा कोळसा-कामगार तक्रार घेऊन कसा जाणार?

हरलेला माणूस म्हणतो, एवढा वेळ लाल आले नाही, आता येईलच. माँटे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी लागोपाठ २६ वेळा काळे घर आले. 'आता तरी लाल येईल' म्हणत लोक लालवर पैसे वाढवीत गेले आणि धुळीस मिळाले. चाकाला स्मरणशक्ती नसते. मागच्या फेरीत काय झाले हे त्याला ठाऊक नाही, आणि तुम्ही किती हरलात याची त्याला दयाही नाही. स्मरणशक्ती असते ती खेळवणाऱ्याला. कोण किती वाजता येतो, किती हरल्यावर थांबतो, आणि त्याला परत आणण्यास 'बोनस' किती द्यावा, याची नोंद त्याच्याकडे पक्की ठेवता येते. बोनस हा शब्द आम्ही लढून मिळवला; त्यांनी तो गळाला लावला.

२०२३ साली नागपूरच्या एका व्यापाऱ्याने अशा जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार पोलिसांकडे केली. त्याला मोबाइलवर लिंक आली, खात्यात आधी काही लाख रुपये दिसले, आरंभी कोट्यवधींची जीत झाली, आणि मग उतरण लागली. पोलिसांनी गोंदियाच्या एका घराची झडती घेतली तेव्हा तेथे कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोने सापडले. व्यापारी मोठा म्हणून वर्तमानपत्रात आला. आमच्याकडे येणारे हजारांनी हरतात, त्यांची बातमी होत नाही. त्यांची सुरुवातही मात्र अगदी तशीच असते. "भाऊ, पयले तं जितलोच ना!" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की पुढचे आम्हीच सांगू शकतो. आधी पगार जातो, मग पतपेढीची उचल, मग मोबाइलवरचेच झटपट कर्ज, मग बायकोची पोत. सर्वांत शेवटी कोणीतरी त्याला सांगतो, तुझे बँकेचे खाते आम्हांस भाड्याने दे, महिन्याला पैसे देऊ. त्या खात्यातून दुसऱ्या हरलेल्यांचा पैसा फिरतो. खाते गोठते, आणि नोटीस येते ती याच्याच नावाने.

कारखान्यात मालक भांडवल आणतो, कामगार श्रम आणतो, आणि मालक मजुरी देतो. या नव्या कारखान्यात कामगारच भांडवल आणतो, झोप मोडून रात्रपाळी करतो, आणि मजुरीही मालकालाच देऊन घरी जातो. असा करार इंग्रजांच्या राज्यातल्या मळेवाल्यांनाही सुचला नसता.

कायदा काय करतो? मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. तो अड्डा शोधतो, आणि आता अड्डा खिशात आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या ३०व्या कलमाने पैजेचा करार निरर्थक ठरतो. म्हणजे जिंकलेला पैसा त्यांनी दिला नाही, तर कोर्टात मागता येत नाही. सरकारचे धोरणही फार दिवस दोन डगरींवर होते. आपल्या राज्याने १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली. १९७६ साली कॅसिनोसाठी कायदा केला, तो कधी अमलात आणलाच नाही, आणि २०२३ साली रद्द करण्याचे ठरविले. त्याच २०२३ च्या ऑक्टोबरपासून केंद्राने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर बसविला. म्हणजे हरणाऱ्याच्या ताटात सरकारचाही हात आला. २०२५ च्या जुलैत विधिमंडळाच्या सभागृहात खुद्द कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमीचा पट दिसत असल्याची चित्रफीत गावोगाव फिरली. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. पण पुढे त्यांचे खाते बदलले.

शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण हरलेला माणूस पोलिसांच्या भीतीने तोंड उघडत नाही. कायद्याने त्याला गुन्हेगाराच्या रांगेत उभे केलेले नाही. आपणही करू नये. तरी कायद्याची धाव ठरलेली आहे. एक पत्ता बंद केला तर ब्राउझरमध्ये दुसऱ्या पत्त्यावर तेच दुकान उघडते.

आता आपल्याच भूमीची एक गोष्ट. वर्धेच्या काठचे कौंडण्यपूर येथून दूर नाही. विदर्भाची राजकन्या दमयंती तेथली, असे आपण मानतो. तिचा नवरा नळराजा पुष्कराबरोबर फाशांवर बसला आणि महिनोन्‌महिने हरत राहिला. महाभारतात सांगितले आहे की, तेव्हा नगरातले लोक प्रधानांना घेऊन राजाच्या दारात आले. राजाने ऐकले नाही. दमयंतीने मात्र सर्वस्व जाण्यापूर्वी सारथ्याबरोबर दोन्ही लेकरे कुंडिनपुरास माहेरी पाठवून दिली. पुढे ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाखाली नळाला मोजणीची विद्या दिली, तेव्हा कोठे त्याने राज्य परत जिंकले. नळाला गणित शिकता आले, कारण फासे दोघांसमोर पडत होते. मोबाइलच्या जुगाराचे गणित पलीकडच्याच्या पेटीत बंद आहे. ते शिकून कोणी राज्य परत जिंकणार नाही. या कथेतले उरते ते दोनच आधार: दमयंतीचा शहाणपणा आणि दारात आलेले नगरजन.

आज नगरजन दारात येत नाहीत, याचे कारण त्यांना काही कळतच नाही. हा जुगार एकट्या माणसावर चालतो. तो एकटा आहे, लाजलेला आहे, रात्री जागा आहे, हेच त्याचे भांडवल. आणि एकट्याला चौघांत आणणे, हेच युनियनचे काम. म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. पगाराचा आकडा घरातल्या बाईला ठाऊक असावा, आणि खात्याचा संदेश तिच्याही मोबाइलवर जावा. उचल मागणाऱ्यास पतपेढीने कारण विचारावे. पण चारचौघांत पाणउतारा करून विचारू नये. हरलेले भरून काढण्यास नवे कर्ज कोणी देऊ नये. जुने देणे हप्त्याने फेडण्याची व्यवस्था मात्र सर्वांनी मिळून करावी. खाते भाड्याने कोणी देऊ नये. फसवणूक झाली असेल तर त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर कळवावे. आणि मन फारच खचले असेल तर १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. या जिल्ह्याने कर्जापायी दोरीला लटकलेली माणसे पाहिली आहेत. खचलेल्या माणसाचे मौन म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

कोणी विचारील, स्वतःच्या पैशाने माणूस करमणूक करतो, तुम्ही कोण? प्रश्न रास्त आहे. पण ज्या पैशाने चूल पेटते तो एकट्याचा कधीच नसतो. तो मिळवण्यास आठ-आठ तास सोबतीला उभे राहिलेले लोक असतात, आणि घरी वाट पाहणारी तोंडे असतात. त्या नात्याने आम्ही विचारणार. आपणही आपल्या गल्लीत, आपल्या कचेरीत विचारावे. एखाद्याचा दिवा रोज पहाटेपर्यंत जळताना दिसला, तर दार ठोठवावे, आत जाऊन बसावे, चहा मागावा, आणि नावे न ठेवता एवढेच म्हणावे: "भाऊ, किती गेले ते सांग, बाकीचे मिळून पाहू."