मद्रासला सांपडलेला 'आशिया'

मंगळ आणि गुरु यांच्या कक्षांमध्यें जी विस्तीर्ण पोकळी दिसते, ती वास्तविक रिकामी नाहीं. तेथें लक्षावधि लहानमोठे खडकाळ पिंड सूर्याभोंवतीं फिरत असतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. त्यांपैकीं सदुसष्टाव्या लघुग्रहाचें नांव 'आशिया' असें आहे, आणि तो प्रथम दिसला तो मद्रासच्या वेधशाळेंतून.

नॉर्मन पॉग्सन हा इंग्रज ज्योतिषी १८६१ सालीं या वेधशाळेचा प्रमुख झाला. ताऱ्यांच्या तेजाच्या प्रती मोजण्याचें जें प्रमाण आजहि रूढ आहे, तें त्यानेंच १८५६ सालीं सुचविलें होतें : पांच प्रतींचा फरक म्हणजे तेजांत शंभरपट अंतर. त्याच्या सरावलेल्या दृष्टीला १७ एप्रिल १८६१ रोजीं हा नवा ग्रह गवसला.

श्रोत्यांच्या मनांत शंका येईल कीं, असंख्य ताऱ्यांमधून असा ग्रह ओळखावयाचा कसा ? लहान दुर्बिणींतून लघुग्रह आणि अंधुक तारा यांच्या रूपांत भेद दिसत नाहीं. भेद असतो तो गतीचा. ताऱ्यांच्या नकाशाशीं आकाश ताडून पाहतांना एखादा अनोळखी ठिपका आढळला, आणि दुसऱ्या रात्रीं तो जागचा हललेला दिसला, तर तो तारा नव्हे. छायाचित्रांच्या साह्यानें लघुग्रह शोधण्याची सोय १८९१ सालीं झाली. तोंपर्यंत डोळा आणि चिकाटी हींच साधनें होतीं.

परंतु ठिपका दिसला म्हणजे ग्रह हातीं लागला, असें नव्हे. १८०१ च्या पहिल्याच दिवशीं पियात्सी यास सांपडलेला सेरेस कांहीं आठवड्यांनीं सूर्यप्रकाशांत लोपला. गाउस या तरुण गणितज्ञानें त्याची कक्षा काढून दिली, तेव्हांच तो वर्षअखेरीस पुन्हां सांपडला. एका वेधानें दिशा कळते, अंतर कळत नाहीं. दिशा सांगण्यास दोन आंकडे पुरतात. कक्षा सांगण्यास सहा लागतात. म्हणून निदान तीन वेळांचे वेध हवेत. मद्रासला अडचण याहून मोठी होती. त्या सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांमध्यें तारायंत्र चालू झालेलें नव्हतें. वार्ता टपालानें आगबोटींतून जाई आणि तेवढ्या अवधींत ग्रह पुढें सरके. अशा स्थितींत प्रत्येक रात्रीच्या अचूक वेधाचें मोल केवढें, हें सहज ध्यानांत येईल.

आज 'आशिया'ची कक्षा नीट ठाऊक आहे. सूर्यापासून त्याचें सरासरी अंतर सुमारें साडेबावीस कोटि मैल असून, एका प्रदक्षिणेस त्याला सुमारें पावणेचार वर्षें लागतात. त्याचा व्यास अवघा ६० किलोमीटरांच्या आसपास भरतो.

नांव ठेवतांना पॉग्सननें दुहेरी अर्थ साधला. ग्रीक पुराणांत आशिया नांवाची एक देवता आहे, त्यामुळें पौराणिक नांवांची प्रथा सांभाळली गेली. आणि या खंडांतून शोधिलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून खंडाचाहि मान राहिला. पुढें त्यानें मद्रासहून आणखी चार लघुग्रह शोधिले आणि १८९१ सालीं तेथेंच देह ठेविला. त्याचाच सहकारी चिंतामणि रघुनाथाचार्य यानें १८६७ सालीं एक रूपविकारी तारा शोधिला. म्हणजे खंडाचें नांव आकाशांत पोहोंचलें, त्यानंतर थोड्याच वर्षांत त्या खंडांतील माणसाची दृष्टीहि तेथें पोहोंचली.