साठ सेकंदांचं पाणी

विदर्भाच्या गावोगावांहून आलेले दुरुस्ती व्यवसायातले माझे सोबती, शिक्षक आणि विद्यार्थी मित्रहो,



सकाळी इथे येताना सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारावरून आलो. भाजीवाल्याचा वजनकाटा, बाजूने गेलेली ई-रिक्षा, वरच्या मजल्यावरचा वायफायचा राउटर, या साऱ्यांत चिप आहे आणि चिपमध्ये फर्मवेअर आहे. वस्तूचे पैसे आपण मोजतो, पण आतला प्रोग्राम आपला होत नाही. तो आपला कसा होतो, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराने ठिबकच्या कंट्रोलरची पेटी माझ्या टेबलावर आणून ठेवली. बनवणारी कंपनी बंद पडलेली. रिले, व्हॉल्व्ह, वायरिंग सगळं शाबूत. पाणी सोडायच्या वेळा तेवढ्या बदलायच्या होत्या, पण चिपला लॉक होतं आणि सोर्स कोड कुणाकडेच नव्हता. तेवढ्यासाठी चांगली पेटी भंगारात जाणार होती. मी जुनी चिप काढली, एटीमेगा ३२८पी बसवली आणि प्रोग्राम नव्याने लिहायला घेतला.

या चिपमध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश आणि २ किलोबाइट रॅम असते. एवढ्याशा जागेत कंपायलर मावत नाही. म्हणून कंपायलर चालतो आपल्या डेस्कटॉपवर आणि मशीन कोड तयार करतो त्या चिपसाठी. क्रॉस-कंपायलर म्हणतात तो हाच. शिंपी स्वतःच्या दुकानात बसून शिवतो, पण माप गिऱ्हाइकाचं घेतो. माझं नेमकं तिथेच चुकलं.

व्हॉल्व्ह एक मिनिट उघडा ठेवायचा होता. मी ‘६० गुणिले १०००’ मिलिसेकंद थांबायला सांगितलं. डेस्कटॉपवर हिशेब करून पाहिला, ६०,००० आले. पण डेस्कटॉपवर ‘इंट’ ३२ बिटांचा असतो आणि या चिपवर १६ बिटांचा. त्यात ३२,७६७ च्या वरची संख्या बसत नाही. गुणाकार उलटून उणे ५,५३६ झाला. थांबण्याच्या फंक्शनने ती उणे संख्या ३२ बिटांची, बिनचिन्हाची म्हणून घेतली आणि आकडा झाला ४,२९,४९,६१,७६० मिलिसेकंद. म्हणजे ४९ दिवस आणि सुमारे १७ तास. रात्री बागायतदाराचा फोन आला, व्हॉल्व्ह बंदच होत नव्हता. बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्या रोग येतो, हे इथल्या संत्रावाल्याला सांगावं लागत नाही. त्याच्या आवाजातली काळजी अजून माझ्या कानात आहे.

कंपायलरने मला सांगितलं होतं. ‘इंटिजर ओव्हरफ्लो’ अशी वॉर्निंग स्क्रीनवर आली होती. फाइल तयार झाली ना, मग चाललं, असं म्हणून मी ती वाचलीच नाही. दुरुस्ती होती दोन अक्षरांची: ६० च्या मागे ‘यूएल’. सोर्स माझ्याकडे होता, कंपायलर माझ्याकडे होता, म्हणून त्याच रात्री बिल्ड केलं आणि पहाटे बागेत जाऊन चिपमध्ये प्रोग्राम मारला. तीच चूक जुन्या बंद पेटीत निघाली असती, तर त्या माणसाने कुणाला फोन केला असता?

आपल्या दुकानांतून आपण रोज ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणतो. दुसऱ्याने बनवलेली फाइल चढवायची आणि पैसे घ्यायचे. त्यात कमीपणा नाही, त्यावर घरं चालतात. पण माझं आग्रहाचं सांगणं आहे की आता एक पायरी वर चढा आणि ती फाइल स्वतः तयार करा.

जगात हे घडलेलं आहे. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, लिनक्सच्या परवान्याप्रमाणे सोर्स मागितला गेला आणि २००३ साली कंपनीला तो खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. राउटरमधला प्रोसेसर मिप्स जातीचा, लोकांच्या टेबलावरचे संगणक इंटेलचे, आणि मधला पूल जीसीसीचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये खुला केलेला हा कंपायलर नसता, तर सोर्स मिळूनही तो नुसता वाचत बसावं लागलं असतं.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलं मात्र पहिल्याच दिवशी वेगळ्या ठिकाणी अडतात. ओपनडब्ल्यूआरटीचा सोर्स ती विंडोजच्या फोल्डरमध्ये उतरवतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये काही फायलींच्या नावांत फक्त कॅपिटल आणि स्मॉलचा फरक आहे. ‘एक्सटी मार्क’ नावाची एक फाइल मोठ्या अक्षरांतल्या ‘मार्क’ची आहे आणि एक लहान अक्षरांतल्या ‘मार्क’ची. विंडोज दोन्ही एकच समजतं, एकीवर दुसरी बसते आणि बिल्ड मोडतं. आपल्या देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही. मराठी शाळेतून आलेल्या पोराला हा फरक उमजायला वेळ लागतो, त्यात त्याच्या हुशारीचा काही संबंध नाही. डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, चालू करून सोर्स लिनक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवायचा, की ही अडचण सुटते. हे एक वाक्य त्याला मराठीत कुणी सांगितलं, तर त्याचे दोन दिवस वाचतात.

मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि सी भाषेचे धडे मराठी आवाजात दिले, तिथल्याच ई-यंत्र प्रकल्पाने महाविद्यालयांत रोबो पोहोचवले. त्यापुढचं काम आपल्या वह्यांमध्ये पडून आहे. कुठल्या बोर्डाला कुठली टूलचेन लागली, कुठली वॉर्निंग आली, सिरियलच्या तीन तारा कुठे जोडल्या, हे आपण प्रत्येक जण लिहून ठेवतो आणि वही ड्रॉवरमध्ये टाकतो. त्या वह्या बाहेर काढा. मी माझी आणली आहे, काटोलच्या बागेच्या पानासकट.

दुपारच्या सत्रात मागच्या टेबलांवर दहा बोर्ड मांडलेले असतील. प्रत्येकाने एकदा तो ‘६० गुणिले १०००’ स्वतः बिल्ड करून पाहावा आणि स्क्रीनवर येणारी वॉर्निंग मोठ्याने वाचावी. नंतर ‘यूएल’ लावून पुन्हा बिल्ड करावं. काटोलचे ते बागायतदारही येणार आहेत. ती पेटी अजून त्यांच्या बागेत चालू आहे.