त्रिमितीचा आधार आणि रेषेचा अधिकार



चित्रकथा काढताना संगणकावरची त्रिमिती मॉडेलं वापरावीत की नाही, हा वाद आता अमरावती-अकोल्यापर्यंत येऊन पोचला आहे. मॉडेलमुळे चित्रकाराचा हात बिघडतो, असं काही जण म्हणतात. मॉडेल आलं म्हणजे रेखाटनाची कटकट संपली, असं इतरांना वाटतं. मला दोघांनाही एकच गोष्ट सांगायची आहे. मॉडेल हा चित्रकाराचा आधार आहे, आणि तो आधार कुणी उभारला यावर चित्राचं भलंबुरं ठरतं. दुसऱ्या मुलखात, दुसऱ्याच्या गरजेसाठी बनलेली मॉडेलं आपण उचलून पानावर ठेवत गेलो, तर आपली चित्रकथा आपली राहणार नाही. पण आपल्या वास्तूंची, घरांची, अवजारांची मॉडेलं आपण मोजमाप घेऊन स्वतः केली, तर आजवर चित्रकथेत अभावानंच दिसलेलं वऱ्हाड तिथं हक्कानं उभं राहील.

आधी या साधनाची गरज का पडते ते पाहू. अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ सुरू केली आणि राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांच्या रेषेवर आपल्या दोन पिढ्या वाढल्या. अशा बत्तीस पानी पुस्तकात पानाला पाच-सहा चौकटी धरल्या, तरी दीडशेच्या वर चौकटी होतात. त्यातल्या तीस-चाळीस चौकटींत एकच दरवाजा वेगवेगळ्या बाजूंनी दिसत असेल, तर तो प्रत्येक वेळी तोच दिसला पाहिजे. इथं हातानं काढणाऱ्याची दमछाक होते. मग गडाच्या जागी कोणताही गड आणि वाड्याच्या जागी कोणताही वाडा येतो. दोष चित्रकाराच्या कौशल्याचा नसतो. मुदत आणि मेहनत यांचा मेळ बसत नाही, एवढंच.

अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा घ्या. वऱ्हाडचा कारभार पाहणाऱ्या फतहउल्ला इमादुल्मुल्कच्या काळातला, १४८७ सालचा. कमानीवर कोरीव लेख, दोन्ही अंगांना पुढे काढलेले सज्जे. संगणकावर चित्रकार साध्या ठोकळ्यापासून सुरुवात करतो, भिंत उभी करतो, कमान कोरतो, सज्जे पुढे ओढतो आणि मग समोर एक आभासी कॅमेरा ठेवतो. घोडेस्वाराच्या नजरेतून बघायचं तर कॅमेरा वर घ्यायचा, पायी येणाऱ्या फिर्यादीच्या नजरेतून बघायचं तर खाली. जवळ जाऊन २४ मिलिमीटरचं भिंग लावलं तर दरवाजा अंगावर येतो. लांब जाऊन ८५ मिलिमीटरचं लावलं तर मागची तटबंदी पुढे सरकून दरवाज्याला चिकटते. नजर ठरली की ब्लेंडर या त्रिमिती सॉफ्टवेअरमधलं ‘फ्रीस्टाइल’ किंवा ‘लाइन आर्ट’ हे साधन कडा शोधून त्यांच्या रेषा काढून देतं. या रेषा अचूक असतात आणि निर्जीवही असतात, कारण जवळची कड आणि लांबची कड त्यांना सारखीच. खरं काम पुढे सुरू होतं. जवळच्या कमानीला जाड शाई, लांबच्या बुरुजाला बारीक, ऊन पडलेल्या कडेवर रेषा मध्येच सोडून दिलेली, झिजलेल्या दगडापाशी थोडी थरथरलेली. हे मॉडेल सांगत नाही, चित्रकार ठरवतो.

ही वाट नवी आहे, असंही नाही. टिनटिनच्या चांद्रसफरीची दोन पुस्तकं १९५३ आणि १९५४ साली आली. त्यांच्यासाठी टिनटिनचे जनक हर्जे यांनी अग्निबाणाची सुटी होणारी प्रतिकृती करवून घेतली होती. कोणतं पात्र यानाच्या कोणत्या भागात उभं आहे, हे सहकारी चित्रकारांना नेमकं कळावं म्हणून. त्या पुस्तकांवर कृत्रिमपणाचा शिक्का कुणी मारला नाही. जपानमध्ये हिरोया ओकु यांनी २००० साली सुरू झालेल्या ‘गँट्झ’ या चित्रकथेत शहराच्या पार्श्वभूमीसाठी संगणकावरची मॉडेलं वापरली आणि त्यावर हातानं संस्करण केलं. याउलट १९९० साली पेपे मोरेनो यांचं ‘बॅटमॅन: डिजिटल जस्टिस’ आलं, ते संगणकावर चित्रं केल्याचा डंका पिटत. आज त्याचं नाव निघतं ते बहुधा तंत्राच्या इतिहासात. कथा म्हणून ते क्वचितच कुणाला आठवतं. या दोन टोकांतून मिळणारा धडा साधा आहे. साधन पडद्यामागे राहिलं तर कथा टिकते. साधनच मिरवू लागलं तर ते जुनं होताच पुस्तकही जुनं होतं.

मॉडेलचा सर्वांत मोठा उपयोग जागा समजावून देण्याचा आहे, आणि त्याला गाविलगडाइतकं चांगलं उदाहरण नाही. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा गड नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. बाहेरच्या किल्ल्याला खिंडार पाडून इंग्रज फौज आत शिरली, तरी आतला किल्ला दरीपलीकडे शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं दरी ओलांडून शिड्या लावल्या, तट चढून आतून दरवाजा उघडला आणि निकाल लागला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. या प्रसंगाचं सगळं नाट्य भूगोलात आहे. आत शिरलेली फौज पुन्हा का अडली, दरी कुठं, शिडी कुठं लागली, हे वाचकाला उमगलं नाही तर उरते नुसती तलवारींची खणखण. उंचसखलपणासकट गडाचं मॉडेल हाताशी असेल, तर चित्रकार एका चौकटीत शिडीवरच्या शिपायाच्या नजरेनं आणि पुढच्या चौकटीत तटावरच्या रक्षकाच्या नजरेनं तीच दरी दाखवू शकतो. शब्दांत सांगायला पान लागेल ते दोन चौकटींत कळतं.

मॉडेल आणखी एक गोष्ट करतं: ते चित्रकाराला प्रश्न चुकवू देत नाही. अचलपूरच्या हौज कटोऱ्याचा अष्टकोनी मनोरा आज भग्न आहे. कागदावर काढताना पडका भाग झाडाआड किंवा चौकटीच्या कडेबाहेर ढकलता येतो. मॉडेल चारी बाजूंनी फिरतं, म्हणून तिथं उत्तर द्यावंच लागतं. माहिती असेल तिथं माप द्या. तर्क असेल तिथं तो तर्क आहे हे स्वतःशी कबूल करा, आणि पुस्तकाच्या शेवटी वाचकालाही सांगा. ऐतिहासिक चित्रकथेत आज जी मोकळीक बेफिकिरीनं घेतली जाते, तिला यानं आपोआप चाप बसेल.

आता आक्षेपांकडे वळतो. सगळी पुस्तकं एकसारखी दिसू लागतील, हा पहिला आक्षेप. तो खरा आहे, पण त्याचं मूळ तयार मालात आहे. विकतच्या संग्रहात परदेशी कॉफी हाऊस मिळेल, मध्ययुगीन युरोपातला बुरूज मिळेल. धाब्याचं घर, सपरी, गुरांचा कोठा, कापसानं भरलेली बंडी किंवा पावसाळ्यात चिखलानं भरलेली पांदण क्वचितच मिळेल. मिळत नाही म्हणून कथा आपली आणि घर परकं, असं होतं. उजेडाचंही तसंच आहे. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास अकोल्या-अमरावतीत मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली गोळा होते. परदेशी चित्रकथांच्या सवयीनं आपण भर दुपारी लांबच लांब सावल्या काढत बसतो. मॉडेलमध्ये स्थळाचे अक्षांश आणि तारीख देऊन सूर्य बसवता येतो; मग वऱ्हाडातली दुपार वऱ्हाडातलीच दिसते.

यंत्रामुळे हाताचा कस जातो, हा दुसरा आक्षेप. माणसांच्या बाबतीत मी तो पूर्णपणे मानतो. तयार पुतळ्याला हात-पाय वाकवून उभं केलं आणि त्यावरून रेषा गिरवली, की चौकटीत माणसाऐवजी शेतातलं बुजगावणं उभं राहतं. वजन कोणत्या पायावर आहे, लाज खांद्यात कशी उतरते, राग मानेच्या शिरेत कसा दिसतो, हे रोज माणसं रेखाटूनच हाताला कळतं. म्हणून माझी विभागणी सरळ आहे. जे चौकटीगणिक बदलत नाही, म्हणजे वास्तू, वाहनं, यंत्रं, त्याचं मॉडेल करावं. जे चौकटीगणिक बदलतं, म्हणजे चेहरे, हातवारे, गर्दी, कापडाची चुणी, ते हातानं काढावं. एकाच चौकटीत येणाऱ्या झोपडीसाठी मॉडेल करण्यात वेळ घालवू नये, हा व्यवहारही त्यातच आला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. आपली कथनचित्रांची परंपरा कॅमेऱ्याच्या डोळ्यानं पाहतच नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर एकच पात्र एकाच दृश्यात पुन्हा पुन्हा येतं, मंडप एका बाजूनं दिसतो आणि आतली माणसं दुसऱ्या. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी रेषा लांबच्या वस्तूला लहान करण्याच्या फंदात पडत नाही. मॉडेल वापरलं की ही दृष्टी मारली जाईल का? साधन आंधळेपणानं वापरलं तर नक्की मारली जाईल. पण याच सॉफ्टवेअरमध्ये असा कॅमेराही असतो, ज्यात समांतर रेषा समांतरच राहतात आणि लांबची वस्तू लहान होत नाही. त्यातून वाड्याचा चौक वरून पाहिला, तर तो लघुचित्रांतल्या चौकाच्या जवळ जातो. एकाच वाड्याचे तीन कॅमेऱ्यांतून घेतलेले तीन भाग एका चौकटीत जोडायलाही कुणाची मनाई नाही. नियम मोडणं चित्रकाराच्या हातात आहे. ते करायला त्याला आधी अजिंठा नीट पाहिलेला असावा लागतो.

राहिला प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेचा आणि खर्चाचा. मागणी टाकताच चित्र देणाऱ्या यंत्राशी मॉडेलची गल्लत करू नका. मॉडेलमधली प्रत्येक कड कुणीतरी ठरवून ठेवलेली असते, आणि ती तिथं का आहे असं विचारलं तर उत्तर देणारा माणूस असतो. खर्चाचं म्हणाल, तर ब्लेंडर फुकट आहे आणि त्यामागची गोष्ट आपण लक्षात ठेवावी अशी आहे. टॉन रूझेनडाल यांच्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर बंद पडायच्या बेतात असताना २००२ साली जगभरच्या वापरणाऱ्यांनी एक लाख युरो जमवले आणि ते सर्वांसाठी खुलं करून घेतलं. वर्गणीतून मोठं काम उभं करणं आपल्या गावांना शिकवायला नको.

म्हणून माझी सूचना अशी, आणि ती ठरावाच्या रूपात यावी अशी विनंती. वऱ्हाडातल्या वास्तू-वस्तूंच्या मोजून केलेल्या मॉडेलांचा एक खुला संग्रह आपण सुरू करू. अमरावतीच्या परकोटाच्या वेशी, नरनाळ्याचा महाकाली दरवाजा, बाळापूरची मिर्झा राजा जयसिंगाची छत्री, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनानं ओढलेली मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला ही आगगाडी, आणि यांच्याइतक्याच मानानं एक धाब्याचं घर आणि एक बंडी. मापं अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी घ्यावीत, घराच्या भागांची नावं गावातल्या जाणत्यांकडून लिहून घ्यावीत, मॉडेल कलाशिक्षकांच्या नजरेखालून जावं. प्रत्येक मॉडेलसोबत मोजलेलं किती आणि तर्कानं भरलेलं किती याची नोंद असावी. वापरणाऱ्यानं पैसे देऊ नयेत. आपण केलेली सुधारणा संग्रहात परत द्यावी. एवढं झालं तर पुढच्या चित्रकाराला दरवाजा पुन्हा मोजत बसावं लागणार नाही. तो वाचलेला वेळ त्यानं दरवाज्यातून आत येणाऱ्या माणसांवर खर्च करावा, कारण वाचक शेवटी पुस्तक उघडतो ते त्या माणसांसाठीच.