मालमोटारीचे शिक्षण आणि अल्प ऐपत
(तळेघर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाने आम्हांस तरुणांच्या उपजीविकेविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही आभारी आहो. आमच्या हाताखाली शिकून गेलेले तरुण अलीकडे एकच प्रश्न घेऊन येतात. भाताचे एक पीक आणि हिरड्याचा एक हंगाम यांवर प्रपंच भागत नाही. मंचर-नारायणगावची रोजंदारी आज आहे, उद्या नाही. वय तिशीकडे झुकलेले आणि पदरी दोन लेकरे. अशा वेळी मालमोटार चालविण्याचे शिक्षण घ्यावे काय, आणि घ्यावे तर पैका कोठून आणावा?

मालवाहतूक आपल्या मुलखाला परकी नाही. जुन्नरचा नाणेघाट सातवाहनकाळापासून कोकण आणि देश यांना जोडीत आला. बैलांच्या पाठीवरील गोण्यांची जागा ट्रकने घेतली, इतकेच. चाकणचे कारखाने आणि नारायणगावचा टोमॅटोचा बाजार आपल्यापासून फार दूर नाहीत. तेव्हा या धंद्यात शिरण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र शिरण्याची वाट नीट पारखली पाहिजे.

पुष्कळांची समजूत अशी की, म्हैस विकून किंवा व्याजाने पैसे काढून एकदम अवजड गाडीचा परवाना मिळवावा. कायदाच ही घाई चालू देत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यान्वये परिवहन वाहनासाठी वयाची 20 वर्षे पुरी व्हावी लागतात, आणि हलक्या मोटारीचा परवाना निदान एक वर्ष हाती असल्यावाचून परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. परंतु हे वर्ष वाया जाते असे समजू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी निर्णय दिला की, हलक्या मोटारीचा परवाना असणाऱ्यास एकूण 7,500 किलोपर्यंत वजनाचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीवाचून चालविता येते. म्हणजे पहिल्या परवान्यावरच भाजीपाल्याचा टेम्पो चालवून घर चालेल, हात बसेल आणि पुढील शिक्षणापुरती शिल्लकही पडेल. ज्याची ऐपत थोडी, त्याने पायरीपायरीनेच चढावे.

खर्चाचा हिशेब करताना केवळ फी मोजून भागत नाही. बुडालेली मजुरी आणि परगावचा मुक्काम हाच मोठा खर्च होय. 2021 च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त केंद्रातील अवजड वाहनाचा अभ्यासक्रम 6 आठवड्यांत 38 तासांचा आहे. तेवढ्या दिवसांचा दाणागोटा घरात भरून मगच निघावे. भाताची झोडणी आटोपल्यापासून हिरड्याचा हंगाम लागेपर्यंतचा काळ त्यास उत्तम. निघण्यापूर्वी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात, यंदा अशा शिक्षणास काही साहाय्य आहे काय, याची चौकशी अवश्य करावी.

एका गोष्टीचा मात्र आम्ही कळकळीने निषेध करतो. न शिकता परवाना हाती ठेवणारे मध्यस्थ गाठू नका. भरलेली गाडी घेऊन घाट उतरताना केवळ ब्रेकवर भिस्त ठेवली, तर तो तापून निकामी होतो. ज्या गिअरने घाट चढावा त्याच गिअरने उतरावा, हे ज्याला कोणी शिकविले नाही, तो आपल्यासह दुसऱ्याचेही कुंकू पुसतो. तसेच आठवी उत्तीर्ण असण्याची अट 2019 मध्ये रद्द झाली, याचा शाळा सुटलेल्यांना लाभ झाला हे खरे. पण रस्त्यावरील सूचना आणि मालाची बिल्टी ज्याला वाचता येत नाही, तो पदोपदी नाडला जाईल. अशांनी सायंकाळी आमच्याकडे यावे. आम्ही विनामूल्य शिकवू.

या धंद्यात जागरण आहे, घरापासून वियोग आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. व्यवहारात ती कितपत पाळली गेली, हे घरी वाट पाहणाऱ्या भगिनींस ठाऊक आहे. म्हणून मालक निवडताना पगाराइतकीच विश्रांतीचीही विचारपूस करावी, आणि स्वतःची गाडी कर्जाने घेण्याची उडी काही वर्षे तरी मारू नये.

शेवटी मंडळास एक विनंती. सत्कार-समारंभांचा खर्च थोडा आखडून दरवर्षी दोन होतकरू तरुणांच्या घरी सहा आठवड्यांचे धान्य बिनव्याजी उसने द्यावे. नोकरी लागताच त्यांनी ते फेडावे, म्हणजे पुढील दोघांची सोय होईल. म्हैस गोठ्यात राहील, जमीन नावावर राहील आणि मुलगा मार्गाला लागेल.