कमावत्या हाताची तजवीज



बांद्यातून पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यातील पेडणे-डिचोलीच्या कारखान्यांत आणि मोपाच्या विमानतळावर जी तरुण मंडळी रोज कामाला जातात, त्यांच्यापैकी कित्येकांचे आजे मुंबईच्या गिरणगावात चाकरमानी होते. तेव्हा घर मनिऑर्डरीवर चाले, आज ते बँकेत जमा होणाऱ्या पगारावर चालते, परंतु कमावता हात थांबला की चूल थांबते, यात तसूभरही फरक पडलेला नाही.

मृत्यूचा विमा आपल्याकडे चांगला रुळला आहे. परंतु जो माणूस जिवंत आहे, ज्याला बांबोळीच्या रुग्णालयाच्या खेपा चुकत नाहीत, मुलांची फी चुकत नाही, आणि जो कामाला मात्र कायमचा मुकला आहे, त्याच्या घरी दरमहा काय यावे, याचा विचार वेतनकरारांत क्वचितच आढळतो.

कामावरच्या इजेसाठी 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अवयवांचे जणू दरपत्रकच घालून दिले. अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा 30 गेली असे धरायचे. 15,000 रुपये वेतनाच्या चाळीस वर्षांच्या कामगारास त्या हिशेबाने 4,97,259 रुपये एकरकमी मिळतात. एकरकमी पैसा कोठे जातो, हे आपल्या मुलखात कोणास सांगावयास नको: घराचे छप्पर, बहिणीचे लग्न, सोसायटीचे कर्ज! प्रा. आदरकरांच्या कामगार-आरोग्यविम्यावरील 1944 च्या अहवालातून निघालेली, 1948 च्या कायद्याने आलेली कर्मचारी राज्य विमा योजना यापेक्षा शहाणी, कारण त्याच अंगठ्याबद्दल ती दरमहा सुमारे 4,000 रुपये तहहयात देते. मात्र इजा कामावरच झालेली हवी आणि वेतन 21,000 रुपयांच्या आत हवे. आजारपणात हीच योजना वर्षाकाठी 91 दिवस शेकडा 70 वेतन देते, काही ठरावीक दीर्घ रोगांत शेकडा 80 पर्यंत, पण तेही फार तर दोन वर्षे. पक्षाघात दोन वर्षांची मुदत पाहून बरा होत नाही.

सरकारी नोकरास 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे संरक्षण आहे. सेवेत अपंगत्व आले म्हणून त्याला काढता येत नाही. खासगी आस्थापनेतील 25,000 रुपये पगाराच्या पर्यवेक्षकाला कामाबाहेरच्या कारणाने अपंगत्व आले तर बहुधा काय असते? शिल्लक रजा, आणि फार तर अपघाताची पॉलिसी, जी साध्या आजाराला ओळखतच नाही. बिस्मार्कच्या जर्मनीने 1889 सालीच, कारण कामावरचे की घरचे याची चौकशी न करता, अकार्यक्षम झालेल्या कामगारास निवृत्तिवेतन देणारा कायदा केला होता.

म्हणून आपणा कर्मचाऱ्यांची मागणी सामुदायिक उत्पन्नविम्याची असावी: ठरावीक प्रतीक्षाकाळ संपल्यावर पगाराचा निदान अर्धा हिस्सा, बरे होईपर्यंत अथवा निवृत्तीच्या वयापर्यंत, दरमहा. मसुदा हाती येईल तेव्हा अपंगत्वाच्या व्याख्येचे कलम प्रथम वाचा. ‘स्वतःच्या कामास असमर्थ’ आणि ‘कोणत्याही कामास असमर्थ’ या दोन शर्तींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दृष्टी अधू झालेला क्रेनचालक पहिल्या शर्तीने हक्कदार ठरतो, दुसरीने त्याला फाटकावर पहारेकरी होण्याचा सल्ला मिळतो.

पुढील वेतनकराराच्या वाटाघाटींत पगारवाढीच्या मागणीखालोखाल ही मागणी लेखी घाला, आणि पहिली शर्त मान्य झाल्याखेरीज त्या कलमावर सही करू नका.